३० एक्स पुरे

निवृत्त फौजी मित्रांचे मला दोनच विषयांवर फोन येतात : पेन्शन आणि कॅमेरा. पेन्शनच्या कोष्टकांपुढे मी केव्हाच शस्त्रं खाली ठेवली आहेत. कॅमेऱ्याबद्दल मात्र हक्काने बोलतो. खडकवासल्याहून पासआउट झाल्यापासून प्रत्येक बदलीत काळ्या ट्रंका कमीजास्त झाल्या, पण कॅमेरा कधी मागे राहिला नाही. प्रश्नही ठरलेला असतो : "सर, खिशात मावेल पण लांबचं टिपेल असा कुठला घेऊ? चाळीस एक्स बरा की त्र्याऐंशी?" आणि लगेच त्याला जोडून : "कॅन्टीनमध्ये मिळतो का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘यादी बघा’ एवढंच आहे. पहिल्याचं फोनवर देऊन संपत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मत आधी सांगतो, कारणं मागून. खिशातल्या कॅमेऱ्याला ३० एक्स पुरे. त्याची दोन्ही टोकं, जवळचं आणि लांबचं, सारखीच कामाची असली पाहिजेत. त्यापुढचा आकडा खोक्यावर शोभून दिसतो, चिखलात उभं राहिल्यावर फारसा उपयोगी पडत नाही. हे मत दुकानाच्या काउंटरवर तयार झालेलं नाही. ते एन्नोरच्या खाडीकाठी तयार झालं.

सध्याची बदली चेन्नईची. काम काय, ते इथे लिहायचं नसतं. पण बहुतेक रविवार माझे असतात आणि त्यातले बरेच एन्नोरला जातात. फौजी वाचकांना एन्नोर ठाऊक नसलं तरी स्टॅलियन ठाऊक असेल. ज्या ट्रकच्या पाठीमागे धूळ खात आपण अर्धा देश पाहिला, तो बनवणाऱ्या अशोक लेलँडचा मूळ कारखाना एन्नोरचा. चेन्नई सेंट्रलहून गुम्मिडीपूंडीची लोकल पकडली की कत्तिवाक्कम येतं, मग एन्नोर. एन्नोर सोडल्यावर गाडी कोसस्थलैयार नदीच्या खाडीवरून जाते. नदी जिथे समुद्राला मिळते त्या जागेला इथले कोळी मुगत्तुवारम म्हणतात. दोनदा म्हणून बघा. मुखद्वार! तमिळ आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

या खाडीत एका नजरेत काय काय मावतं ते सांगितल्याशिवाय कॅमेऱ्याची गोष्ट पुढे सरकणार नाही. औष्णिक वीजकेंद्राची धुराडी, २००१ साली सुरू झालेल्या बंदराच्या क्रेन, पाण्यात पाय रोवून उभे असलेले विजेचे मनोरे. चिखलाचा रंग जागोजागी करडा, कारण त्यात वर्षानुवर्षं कोळशाची राख मिसळत आली आहे. त्याच चिखलात कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी कोळंबी चाचपणाऱ्या इरुळर बायका. काट्टुकुप्पम, नेट्टुकुप्पम, ताळंकुप्पम या कोळीवाड्यांच्या फायबरच्या होड्या. आणि या सगळ्यात, जणू कुणी त्यांना काही कळवलंच नाही अशा थाटात, झोळीवाले, रंगीत करकोचे, शेकाटे, कुरव, सुरय. उत्तरेला पुलिकतचं सरोवर आहे, तिथले रोहितही कधी कधी इकडे उतरतात.

अशा जागी माणूस झूम मागतोच, कारण पक्षी चिखलाच्या पलीकडे असतो आणि आपण काठावर. प्रश्न एवढाच की झूम किती हवा.

एक्स म्हणजे काय

आपण फौजी लोक ‘एक्स’ हा शब्द दुर्बिणीवरून शिकलो. सात एक्सची दुर्बीण म्हणजे वस्तू सातपट जवळ दिसते. कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा एक्स तसा नसतो. तो फक्त भागाकार आहे : लेन्सची सर्वांत लांब फोकल लेंग्थ भागिले सर्वांत आखूड. २४ मिमीपासून ७२० मिमीपर्यंत जाणारी लेन्स ३० एक्स. २४ ते ६०० असेल तर २५ एक्स. पक्षीनिरीक्षक खांद्यावर तोफेसारखी वागवतात ती २०० ते ६०० ची लेन्स या हिशेबाने जेमतेम ३ एक्स! तरी ती त्या २५ एक्सवाल्याइतकंच लांबचं दाखवते.

दुर्बिणीशी तुलनाच करायची तर ढोबळ नियम असा : साधारण ५० मिमी म्हणजे दुर्बिणीचा १ एक्स. म्हणजे खोक्यावरचे ३० एक्स डोळ्याला जेमतेम १४ एक्सच्या दुर्बिणीएवढे. हे ऐकून बरेच सुभेदार साहेब हिरमुसतात. पण १४ एक्सची दुर्बीण हातात धरून पाहिलेल्याला विचारा, ती काय नाच करते.

आता उपयोगाचं गणित. तोफखान्यातले मित्र मिलचा हिशेब विसरले नसतील : १००० मीटरवर १ मीटर म्हणजे १ मिल. कॅमेऱ्याचंही तितकंच सोपं आहे. समोरचं अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंग्थ. उत्तर येईल ती चौकटीत मावणारी रुंदी. सगळे आकडे ३५ मिमीच्या तुल्य मापात धरायचे, खोक्यावर तेच छापलेले असतात.

१०० मीटरवर २४ मिमीला १५० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ३६० ला १० मीटर, ७२० ला ५ मीटर, ९६० ला पावणेचार मीटर, २००० ला १ मीटर ८० सेंमी, ३००० ला १ मीटर २० सेंमी.

आता चोचीवर ठिपके असलेला आपला झोळीवाला घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत सव्वा ते दीड मीटर, पंख पसरले की अडीच मीटरपर्यंत. ७२० मिमीला १०० मीटरवरचा हा पक्षी चौकटीचा चौथा हिस्सा व्यापतो, उडाला तर अर्धी चौकट. पंख कापले जात नाहीत आणि आजूबाजूला थोडी खाडीही दिसते. ३००० मिमीला तोच पक्षी बसलेलासुद्धा चौकटीत मावत नाही. त्या अरुंद नळीतून तो आधी सापडायला हवा आणि सापडल्यावर तिथेच बसून राहायला हवा.

"पण सर, पक्षी ३०० मीटरवर असेल तर?" हा रास्त प्रश्न आहे. फील्डक्राफ्टच्या तासाला शिकवलेलं आठवा : मोकळ्या पाण्यावरून पाहताना अंतर असतं त्यापेक्षा कमी वाटतं. एन्नोरला ज्याला आपण दीडशे मीटर म्हणतो ते अनेकदा तीनशे भरतं. मग मोठा झूम हवाच की? इथे हवा आडवी येते. फायरिंग रेंजवर ऊन चढलं की लांबचं टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलायला लागतं, तो अनुभव सगळ्यांचा आहे. खाडीवर तेच होतं, आणि त्यात समुद्राची वाफ, धूर, राख यांची भर पडते. ऊन तापल्यावर ३०० मीटरवरचा पक्षी ३००० मिमीने टिपला तर चौकट भरून फोटो येतो, पण तो पक्ष्याचा कमी आणि मधल्या हवेचा जास्त असतो. पैसे मोजून लेन्स वाढवता येते, हवा स्वच्छ करून मिळत नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे : लवकर उठणं. या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो. पहाटे समुद्र पाठीशी घेऊन खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड पाठीमागून येतो आणि हवा अजून शांत असते. आठ वाजेपर्यंत काम उरकायचं आणि इडली खायला जायचं.

उजेडाची शिधा

दुसरं कारण उजेडाचं. खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी असतो, करंगळीच्या नखाहून लहान. त्यापेक्षा मोठा, ज्याला बाजारात ‘एक इंची’ म्हणतात, तो १३.२ बाय ८.८ मिमी. त्यात इंचभर कुठलीच बाजू नाही. हे नाव टीव्ही कॅमेऱ्यांतल्या जुन्या नळ्यांच्या मापावरून चालत आलं आहे. पण क्षेत्रफळ लहानाच्या चौपट आहे आणि पहाटेच्या उजेडात तो फरक डोळ्यांना दिसतो.

लहान कॅमेऱ्यात झूम ताणला की लेन्सचं छिद्र आकसतं. कॅननच्या एसएक्स७४० मध्ये ९६० मिमीला ते एफ ६.९ वर येतं. इतक्या अरुंद छिद्रातून आलेला प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची साधारण ९ मायक्रॉनची चकती होते. सेन्सरवरचा एक पिक्सल मात्र सव्वा मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे एकच ठिपका डझनावारी पिक्सल मिळून पाहतात. खोक्यावरचे २० मेगापिक्सल त्या टोकाला नावापुरतेच उरतात. हा दोष कुठल्या कंपनीचा नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. त्यामुळे मेगापिक्सल जास्त म्हणून कॅमेरा घेऊ नका.

गालाला टेकवायची जागा

तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, हवा.

रायफल हात लांब करून कुणी चालवत नाही. दस्ता खांद्यात, गाल दस्त्यावर, कोपर टेकलेलं, श्वास अर्धा सोडून थांबवलेला, आणि ट्रिगर दाबायचा तो झटका न देता. ७२० मिमीची लेन्स तशीच वागवावी लागते. फक्त पाठीमागचा पडदा बघून फोटो काढणारा माणूस दोन्ही हात पुढे करून आरती ओवाळल्यासारखा उभा असतो. कॅमेरा हलतो, आणि ऊन पडलं की पडद्यावर स्वतःचं तोंड दिसतं. खिडकीला डोळा लावला की कॅमेऱ्याला कपाळाचा तिसरा आधार मिळतो. कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी यंत्रणा चांगलीच असते, पण ती आपली थरथर कमी करते, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. त्यासाठी शटर वेगवान ठेवावंच लागतं.

मग कुठला?

नावं घेऊन बोलतो. २०१८ सालचा सोनी एचएक्स९९ : २४ ते ७२० मिमी, वजन २४२ ग्रॅम, बटण सरकवलं की वर येणारी खिडकी, आणि रॉ फाइल देतो. त्याच वर्षीचा कॅनन एसएक्स७४० : २४ ते ९६० मिमी, २९९ ग्रॅम, पण खिडकी नाही आणि रॉ नाही. त्याच वर्षीचा पॅनासॉनिक टीझेड२०० : मोठा ‘एक इंची’ सेन्सर, खिडकी आहे, ३४० ग्रॅम, पण लेन्स ३६० मिमीला थांबते. २०२५ मध्ये आलेला पॅनासॉनिकचा टीझेड९९ पुन्हा ३० एक्स आहे, पण त्यातून खिडकी काढून टाकली आहे, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूला थोरले आहेत. निकॉन पी९०० म्हणजे २००० मिमी, ८९९ ग्रॅम. पी१००० म्हणजे ३००० मिमी, १४१५ ग्रॅम. पाण्याने भरलेली लिटरची बाटली याहून हलकी. चंद्रावरची विवरं पाहायची असतील तर हे जरूर घ्या, त्यात ते नाव काढतात. सोनीचा आरएक्स१० चौथा, २४ ते ६०० मिमी, मोठा सेन्सर, लांबच्या टोकालाही एफ ४. माझ्या मते फोटो या सगळ्यांत त्याचा उत्तम. पण तो किलोच्या वर भरतो आणि खिशात मावत नाही. न मावणारा कॅमेरा कपाटात राहतो आणि कपाटातून पक्षी दिसत नाहीत.

तेव्हा माझा क्रम असा. पक्ष्यांसाठी खिसाच हवा असेल तर ७२० मिमी आणि खिडकी असलेला. पक्षी कमी आणि प्रवास, नातवंडं, देवळांचे अंधारे गाभारे जास्त असतील तर मोठ्या सेन्सरचा ३६० मिमीवाला. एवढंच.

यातले बरेच आता नवे मिळणं कठीण. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेचे आकडे सांगतात की २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, आणि २०२३ साली ८० लाखही नाहीत. फोनने हा धंदा खाल्ला. त्यामुळे जुना कॅमेरा घेण्याची वेळ येईल. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर असो की पुण्यात, कॅमेरा हातात घेऊन झूम पूर्ण बाहेर काढा आणि आत घ्या, दहा वेळा. आवाज अडखळता कामा नये. मग आकाशाचा फोटो काढून त्यावर काळे डाग आहेत का बघा. झूमची नळी आतबाहेर होताना सायकलच्या पंपासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. एन्नोरसारख्या राखेच्या गावात तर नळी आत घेण्याआधी ब्रशने झटकायचीच. समुद्राकाठी बुरशीचं भयही असतं, म्हणून हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. एसीतून दमट हवेत निघताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मगच काढा, नाहीतर लेन्सवर दव जमतं.

"फोनमध्ये आता शंभर एक्स आहे ना?" हेही विचारतात. आहे. पण त्यातलं खरं भिंगाचं काम ५ किंवा १० एक्सपर्यंत, पुढचं सगळं संगणकाचं. २०२३ साली एका बड्या कंपनीच्या फोनवर यावरूनच वादळ उठलं होतं : पडद्यावरच्या मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्राचा फोटो काढला तर फोनने त्यावर बारीक खड्डे भरून दिले. वाढदिवसाच्या फोटोत हे चालेल. पक्ष्याच्या पिसावर काय लागलं आहे हे जिथे सांगायचं असतं तिथे मला भिंगाने पाहिलेलंच हवं, संगणकाने ओळखून भरलेलं नको.

कशावर रोखायचा

इथून पुढचं मत फक्त कॅमेऱ्याबद्दल नाही, त्यामागे उभ्या असलेल्या माणसाबद्दलही आहे. एन्नोरच्या काठावर तीन प्रकारच्या गोष्टी समोर असतात आणि तिघींसाठी नियम वेगळा.

पहिले पक्षी. त्यांच्यासाठी झूम वापरायचा तो पुढे जायचं टाळण्यासाठी. फील्डक्राफ्टमध्ये वस्तू का दिसतात हे शिकवलं होतं : आकार, चमक, सावली, आकाशावर उमटणारी आकृती, हालचाल. पक्ष्यांना हा धडा जन्मतः पाठ असतो. थव्याने चरणं थांबवून माना वर केल्या की आपण दिसलो असं समजावं आणि चार पावलं मागे यावं. थवा उडाल्याचा फोटो छान येतो, पण त्या उड्डाणाचं भाडं पक्षी भरतो.

हे भाडं किती महाग असतं ते २०२३ च्या डिसेंबरात इथे दिसलं. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली, आणि मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातलं तेल पुराबरोबर वाहत या खाडीत आलं. होड्या, जाळी, कांदळवनाची मुळं, सगळं काळं झालं. करड्या-पांढऱ्या झोळीवाल्यांच्या अंगावर तेलाचे पट्टे दिसू लागले. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी २०१७ च्या जानेवारीत, २८ तारखेला, बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतंच. तेल लागलेल्या पिसांना पाणी झटकता येत नाही आणि ऊबही धरता येत नाही. अशा पक्ष्याजवळ फोटोसाठी होडी नेणं म्हणजे जखमी माणसाला उठून सलाम ठोकायला लावणं. ७२० मिमी त्यासाठीच खिशात ठेवायचा.

दुसरी माणसं. त्यांच्यावर झूम रोखणं मला मान्य नाही. चिखलात वाकून कोळंबी चाचपणाऱ्या बाईचा चेहरा दोनशे मीटरवरून चोरून घेता येतो, फोटोही ‘बोलका’ येतो. पण ती बाई म्हणजे रोहित पक्षी नव्हे. तिच्याजवळ गेल्याने ती उडून जात नाही. हवं तर नाही म्हणते, आणि तो अधिकार तिचा आहे. काट्टुकुप्पमला एका म्हाताऱ्या कोळ्याला मी हाताने खूण करून विचारलं, तेव्हा त्याने उलट विचारलं, "फोटो एडुत्तु एन्न पण्ण पोरींग?" फोटो काढून करणार काय? प्रश्न साधा आहे, पण आपल्यापैकी कितीजणांकडे उत्तर तयार असतं? मी म्हटलं, अण्णा, प्रिंट आणून देईन. मग तो होडीला टेकून नीट उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण लावलं. प्रिंट पुढच्या रविवारी पोचली. माणसांसाठी लेन्स २४ मिमीला आणायची आणि उरलेलं अंतर पायांनी कापायचं.

तिसरी गोष्ट बंदर, वीजकेंद्र, पहारे. गणवेश घातलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण निवृत्तीनंतर आपण जरा सैल होतो. जिथे मनाईची पाटी आहे तिथे लांबून झूम केला म्हणून मनाई उठत नाही. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अजून जिवंत आहे. हातात मोठी लेन्स असलेला माणूस पहारेकऱ्याला कसा दिसतो हे पहाऱ्यावर उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. खाडीकडे तोंड, फाटकाकडे पाठ. कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर नोकरीत असलेल्यांनी तो बंद ठेवावा.

दोन्ही टोकांचा उपयोग

आता सुरुवातीच्या भागाकाराकडे येतो. एक्स म्हणजे लांबचं भागिले जवळचं, हे दुर्बिणीच्या हिशेबाने फसवं वाटतं. पण लहान झूम कॅमेऱ्याचं खरं बळ त्याच भागाकारात आहे. ६०० मिमीची मोठी लेन्स पक्षी सुरेख टिपते, पण तो पक्षी कुठे होता हे सांगू शकत नाही. मागे धुराडं होतं की रान? फोटो एन्नोरचा की भिगवणचा? खिशातला कॅमेरा पाच सेकंदांत २४ वरून ७२० वर जातो.

म्हणून मी ओपीवरून रिपोर्ट द्यावा तसे तीन फोटो काढतो. पहिला २४ मिमीला : पूल, मनोरा, धुराडं, काहीतरी ओळखीची खूण त्यात यायलाच हवी. दुसरा मधला, थवा आणि आजूबाजूचं पाणी. तिसरा ७२० ला, पक्षी आणि त्याच्या अंगावर काही असेल तर ते. कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्यातून एकदा मिलवून घेतो. कोण, कुठे, कधी, काय. जवानालाही पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. मूळ फाइल कधी छाटत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायची ती नक्कल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, तेव्हा छेडछाड न झालेली मूळ फाइल जवळ असलेली बरी. सुंदर फोटो काढणारे पुष्कळ आहेत. तारीख, वेळ आणि जागा असलेले दहा वर्षांचे साधे फोटो एखाद्या खाडीबद्दल जे सांगतील ते एका बक्षीसपात्र फोटोला सांगता येणार नाही.

आणि या कामाला निवृत्त फौजीइतका योग्य माणूस मला दिसत नाही. पहाटे उठायची सवय आहे. तास-दोन तास न हलता बसता येतं. अंतराचा अंदाज आहे, टिपण ठेवायची शिस्त आहे, आणि घरात बसून घरच्यांच्या कामात सूचना करण्यापेक्षा हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे. एन्नोरच पाहिजे असंही नाही. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे आणि तिथे रोहितांमागे इमारतींची रांग उभी आहे. उजनीच्या पाणपसाऱ्यावर भिगवण आहे. आपल्या गावाचा तलाव असेल, नदीचा डोह असेल. महिन्यातून एक पहाट, एकच ठरलेली जागा, तेच तीन फोटो.

खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्याचा फोटो काढून बघू नका, तो सगळ्याच कॅमेऱ्यांत बरा येतो. कॅमेरा घेऊन दुकानाच्या दारात या. रस्त्यापलीकडे शंभर पावलांवरची एखादी पाटी निवडा, तिच्यावरची सर्वांत बारीक ओळ. झूम पूर्ण बाहेर, डोळा खिडकीला, कोपरं बरगड्यांना, श्वास अर्धा सोडून थांबवलेला. दहा फोटो काढा आणि मोठे करून बघा. दहातले सात वाचता आले तर पैसे मोजा. पाचच आले तर पुढचा कॅमेरा मागा, चहा मागवायला सांगा आणि दुकानदार ‘साठ एक्स’ म्हणाला की हसून मान हलवा.